सिडनी विमानतळाची ट्रेन, आठ महिन्यांनंतर: गाडीबद्दल तक्रार नाही, फाटकाबद्दल आहे

मी वोली क्रीकला राहतो. म्हणजे इंटरनॅशनल टर्मिनलपासून बरोबर एक स्टेशन. गेले आठ महिने कामासाठी दर सोमवारी मेलबर्न आणि गुरुवारी परत. विमानाचं तिकीट क्लायंट देतो, घर ते विमानतळ आपल्या खिशातून. त्यामुळे खालचं सगळं परखड वाटलं तर ते खिसा बोलतोय असं समजा.

गाडीचं कौतुक आधी उरकतो. विमानतळाची ही टी8 लाईन वेळेवर येते, डबे स्वच्छ, शहरातल्या मुख्य सेंट्रल स्टेशनपासून टर्मिनलपर्यंत पंधरा मिनिटंही लागत नाहीत. ट्रॅफिकची कटकट नाही. सामान ठेवायला वेगळी जागा नाही, कारण ही रोजचीच दुमजली लोकल आहे. बॅग दारापाशी धरून उभं राहायचं. एवढंच.

आता फाटक, म्हणजे स्टेशनात शिरताना-निघताना कार्ड किंवा फोन टेकवायचं (टॅप करायचं) ते यंत्राचं दार. डोमेस्टिक आणि इंटरनॅशनल या दोन स्टेशनांवर नेहमीच्या भाड्यावर ‘स्टेशन अ‍ॅक्सेस फी’ लागते. माणशी सतरा डॉलर आणि वर काही सेंट. माझं मूळ भाडं तीन-चार डॉलर, म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग. लहान मुलांना या फीमध्ये सूट दोनेक डॉलरची. जुलै आला की आकडा आणखी थोडा सरकतो. सेंट्रलहून या की माझ्यासारखं शेजारच्या स्टेशनवरून, फी तेवढीच. अंतराचा आणि तिचा काही संबंध नाही.

हे असं का, तर ही लाईन ऑलिम्पिकच्या आधी, मे 2000 मध्ये सुरू झाली. बोगदा सरकारी पैशातून, स्टेशनं खासगी कंपनीकडे, आणि कंपनीने आपले पैसे फाटकावर वसूल करायचे, असा करार. प्रवाशांचे अंदाज इतके फुगवलेले होते की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनी गाळात गेली. पुढे 2005 मध्ये नवा करार झाला आणि फीमधला वाटा सरकारलाही मिळू लागला. आज त्यातला मोठा हिस्सा सरकारी तिजोरीत जातो. करार 2030 पर्यंत आहे. ज्याने फी रद्द करायची, त्याच्याच ताटात ती पडते, तेव्हा तोवर ती जाईल अशी आशा धरू नका.

गंमत पुढे आहे. याच लाईनीवरच्या मॅस्कॉट आणि ग्रीन स्क्वेअरलाही पूर्वी फी होती. मार्च 2011 मध्ये सरकारने कंपनीला पैसे देऊन ती काढली आणि तिथली गर्दी भराभर वाढली. म्हणजे भाडं उतरलं की माणसं येतात हे यांना याच रुळांवर कळलेलं आहे.

मग मी काय करतो? सोमवारी पहाटे वोली क्रीकला चढतो. इंटरनॅशनल जातं. डोमेस्टिक येतं, दारं उघडतात, बॅगवाले सगळे उतरतात. मी बसून राहतो. माझं विमान डोक्यावर उभं आहे आणि मी त्याच्याखालून पुढे चाललोय. मॅस्कॉटला उतरायचं, वर यायचं, 420 नंबरची बस पकडून मागे डोमेस्टिकला. ट्रेनवरून बसला गेलं की दोन डॉलरची ट्रान्सफर सूट, त्यामुळे सगळं मिळून पाच-सहा डॉलरच्या आत. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात. बायको म्हणते, तुझ्या तासाचा दर काय आणि तू करतोस काय. बरोबर आहे, पण पहाटे पाचला मला तासाचा दर कोण देतंय?

परतीला गुरुवारी रात्री अंगात त्राण नसतं. मग मुकाट्याने फाटकातून जातो.

हे लिहायला निमित्त झालं आई-बाबांचं. गेल्या महिन्यात शुक्रवारी रात्री ते आले. मी ट्रेनने घ्यायला गेलो, जाताना सतरा. तिघं परत आलो, प्रत्येकी सतरा. बाबा एसटीतून निवृत्त झालेले, कंडक्टर होते. फाटकाच्या छोट्या पडद्यावरचा आकडा त्यांनी वाचला, मनात गुणाकार केला आणि तिथेच थांबले. “अरे, एका टप्प्याचे हजार रुपये?” टप्पा म्हणजे एसटीचे सहा किलोमीटर, आणि हे स्टेशन तर त्याच्या निम्म्यावरही नाही. मागे रांग लागलेली. मुंबईत मेट्रो 3 ने विमानतळाच्या टर्मिनल 2 ला जायला विमानतळाचा वेगळा कर नाही, अख्ख्या लाईनीचं जास्तीत जास्त भाडं 70 रुपये, हे त्यांनी मला घरी पोचेपर्यंत दोनदा सांगितलं. मुंबईच कशाला, इथल्या पर्थमध्येही 2022 पासून विमानतळाची ट्रेन साध्या झोनच्या भाड्यात चालते.

इथवर लिहिलं आणि खात्री करायला त्या आठवड्याचं स्टेटमेंट काढलं. तर मत थोडं बदलावं लागतंय. या फीला आठवड्याची मर्यादा आहे, साधारण दोन वेळच्या फीएवढी, सोमवार ते रविवार. तिसऱ्या वेळेपासून फी जवळपास शून्य. आठ महिने मला हे माहीत नव्हतं, कारण एरवी माझी आठवड्याला एकच फी व्हायची. त्या आठवड्यात मात्र चार झाल्या. सोमवारी उशीर झाला म्हणून थेट डोमेस्टिक, फोनने टॅप. गुरुवारी फोन मेलेला, म्हणून प्लास्टिकचं कार्ड. शुक्रवारी जाताना फोन, येताना पुन्हा कार्ड, कारण फोन आईच्या हातात, व्हिडिओ कॉल चालू. बँकेचं खातं एकच, पण यंत्राच्या लेखी फोन वेगळा आणि कार्ड वेगळं. दोन्हीकडे दोन-दोन जमा झाल्या, मर्यादा कुठेच ओलांडली नाही. एकच कार्ड धरलं असतं तर चौतीसेक डॉलर वाचले असते. ही चूक माझी, फाटकाची नाही. तेव्हा रोज विमानतळावर कामाला जाणाऱ्याला ही फी मी समजत होतो तितकी मारक नाही. ती खरी बसते ती वर्षातून एकदा येणाऱ्या आई-बाबांना.

चालत जाता येतं का, हेही पाहिलं. इंटरनॅशनल ते वोली क्रीक, नदीवरच्या पुलावरून, रिकाम्या हाताने पाऊण तासाच्या बराच आत. बाबांनी घड्याळ लावून मोजलं, चोवीस मिनिटं, आणि परतीला असंच जाऊ म्हणाले. आईने बॅगा दाखवल्या. चार.

मग मी हिशोब मांडला: तुमचा परतीचा शनिवार आहे, माझ्या दोन फिया मी गुरुवारपर्यंत एकाच कार्डावर भरून ठेवतो, म्हणजे मी फुकट, तुमचे दोघांचे काय ते लागतील. आईने शांतपणे ऐकून घेतलं. “मग तू ये ट्रेनने,” ती म्हणाली. “आम्ही टॅक्सीने पुढे होतो.”