‘काका, आता हिला करंट देऊ नका’: परभणीतील एका संगणक दुरुस्ती दुकानाचा अनुभव

परभणीच्या स्टेशन रोडलगतच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरचा अरुंद जिना चढून गेल्यावर हे दुकान लागते. पाटी एवढीशी आहे की पहिल्या दिवशी मी दोनदा जिन्यापुढून निघून गेलो. मे महिन्याच्या अखेरीस मी तेथे हार्ड डिस्क घेऊन गेलो, तोही दुसऱ्या एका दुकानात हात पोळून घेतल्यानंतर.

वळवाच्या वाऱ्यात संध्याकाळी वीज चार वेळा गेली आणि आली. प्रत्येक वेळी संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि चौथ्या वेळी डब्यातून थांबून थांबून टकटक असा आवाज येऊ लागला. डिस्कमध्ये शेताच्या 1954 च्या खासरा पत्रकाच्या (जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीच्या) स्कॅन प्रती, मुलीच्या लग्नाचे फोटो आणि आईच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. खासरा पत्रकाची नक्कल तहसिलीत अर्ज करून पुन्हा काढता येईल, लग्नाचे फोटो पाहुण्यांकडेही असतील. पण आई आता नाही आणि त्या ओव्यांची दुसरी प्रत मी कधीच केली नव्हती. पहिल्या दुकानदाराने ‘विंडोज उडाली असेल’ असे म्हणून त्याच डिस्कवर रात्रभर चेक डिस्क, म्हणजे डिस्क तपासून चुका दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा, चालवली. सकाळी टकटक वाढलेली होती.

या दुकानातील तरुणाने मात्र डिस्क जोडलीच नाही. आधी ती कानाशी धरून हलकेच हलवून पाहिली, मग काय काय झाले ते सगळे विचारून घेतले आणि म्हणाला, “काका, आता हिला करंट देऊ नका.” डिस्कच्या आत मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवरून माहिती वाचणारे-लिहिणारे हेड केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते, ते अशक्त झाले असताना डिस्क जितक्या वेळा चालू करावी तितके नुकसान वाढते आणि चेक डिस्कसारखी आज्ञा तर नाजूक डिस्कवरच लिहायला जाते, हे त्याने न कंटाळता सांगितले. हेड पूर्ण गेले असेल तर डिस्क धूळविरहित खोलीतच उघडावी लागते, तशी सोय आपल्याकडे नाही, मग पुण्याला पाठवावी लागेल आणि खर्च कितीतरी पटींनी वाढेल, हेही त्याने आधीच सांगून टाकले. स्वतःला काय जमत नाही ते गिऱ्हाइकाला असे तोंडावर सांगणारा कारागीर मला तरी क्वचितच भेटला आहे.

सुदैवाने हेड पूर्ण गेलेले नव्हते. त्याने लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरायच्या दुसऱ्या प्रणालीच्या) यंत्रावर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावला. हा प्रोग्राम आधी चांगले भाग उचलून दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवतो, अडलेले भाग मागे ठेवतो आणि कोठवर आलो याची नोंद ठेवत शेवटी त्यांच्याकडे वळतो. निरोगी डिस्कची अशी प्रत काही तासांत होते. माझ्या 1 टेराबाइटला दोन दिवस लागले. ओव्यांच्या 41 फाइलींपैकी 38 नीट उघडतात. उरलेल्यांपैकी एकीत ‘पहिली माझी ओवी’ एवढेच ऐकू येते.

खर्च 2,500 रुपये आला, त्यात नवीन डिस्कची किंमत धरलेली नाही. मला हा दर रास्त वाटला. तक्रारी आहेतच. खर्चाचा अंदाज तोंडी मिळतो आणि पावती मागितल्यावरच मिळते. दुपारी एक ते चार फोन कोणी उचलत नाही. टेबलावर इतरांच्या डिस्क नावाच्या चिठ्ठीविना पडलेल्या दिसल्या. माझ्या डिस्कवर पांढरी पट्टी लावून नाव लिहिले गेले ते मी हट्ट धरला म्हणून.

बिघाडाचे मूळही त्यानेच शोधले. एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, उघडून त्यातील दोन फुगलेले कपॅसिटर दाखवले आणि घरी इन्व्हर्टर असूनही वीज जाताच संगणक का बंद पडतो याची चौकशी केली. आमच्या इन्व्हर्टरच्या मागे एक बटण आहे, ते इतकी वर्षे साध्या मोडवर होते. पंखे आणि दिवे त्यावर चालतात, पण वीज गेल्यावर पुरवठा बदलायला लागणारा तो क्षणही संगणकाला सोसत नाही. आता ते यूपीएस मोडवर आहे.

नवीन डिस्क हातात देताना तो म्हणाला, “ही बॅकअप नाही बरं का काका, सध्या ही एकच प्रत आहे.” जुनी डिस्क मरणपंथाला लागलेली असताना नवीन डिस्कलाच मी मनात बॅकअप म्हणू लागलो होतो. त्याच दिवशी दुसरी डिस्क घेऊन प्रत काढली आणि ती जिंतूरला बहिणीच्या कपाटात ठेवली. ओव्या गुगलच्या फुकट मिळणाऱ्या 15 जीबीत सहज मावल्या.