कासवाची अंडी: हॅचरीत हलवावीत की जागेवरच राखावीत?

रत्नागिरीतल्या वेळासला 2002 साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घालून राखलेल्या वाळूत, हलवून राखायला सुरुवात केली. कोल्हे, कुत्री, अंडीचोर, भरती, सगळ्यांपासून एकाच कुंपणात राखण होते. पण अंडी घातल्यावर काही तासांतच, अजिबात न फिरवता उचलावी लागतात; उशिरा हलवली तर कवचाला चिकटलेला गर्भ दगावू शकतो. शिवाय पिल्लू नर की मादी हे वाळूचं तापमान ठरवतं, म्हणून हॅचरीची जागा फार जपून निवडावी लागते.

जागेवरच जाळी लावली तर कासविणीने निवडलेली खोली, ओल, ऊब तशीच राहते. मात्र किनाऱ्यावर गस्त हवी. भरतीच्या रेषेखालचं घरटं हलवायलाच हवं. बाकी, गाव पहाऱ्याला तयार असेल तिथे मी जागेवरच्या राखणीच्याच बाजूने.