पितळेचा म्हणून घेतलेला ऑइल ड्रेन व्हॉल्व्ह जस्ताचा निघाला

इंजिन ऑइल घरीच बदलणाऱ्यांपैकी कुणी ड्रेन नट काढून तिथे खटक्याचा व्हॉल्व्ह बसवायच्या विचारात असेल, तर ऑर्डर टाकण्याआधी हे वाचून घ्या. व्हॉल्व्हची कल्पना मुळात चांगलीच आहे, आणि तिच्या जिवावरच बनावट माल खपतो. मला तो कसा खपवला गेला आणि घरात आल्या आल्या तो ओळखता कसा आला असता, ते सविस्तर सांगते.

चेंबरच्या, म्हणजे इंजिनखाली ऑइल साठतं त्या भांड्याच्या, तळाला जो ड्रेन नट असतो त्याच्या जागी हा व्हॉल्व्ह बसतो. आत मधोमध भोक असलेला गोळा, बाहेर छोटी दांडी. दांडी जरा उचलायची, पाव फेरा फिरवायची, की ऑइल सुटतं. उचलल्याशिवाय ती फिरू नये म्हणून आत स्प्रिंग आणि एक खाच असते. काहींना पुढे नळी लावायला चोच असते, म्हणजे ऑइल थेट डब्यात. पाना नको, दरवेळी नवं वॉशर नको, गरम ऑइलचा ओघळ कोपरापर्यंत नको, आणि हातातून सुटलेला नट काळ्या ऑइलमध्ये बोटांनी चाचपडत शोधणं नको. त्याहून मोठा फायदा आट्यांचा. हल्ली बऱ्याच गाड्यांचा चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आणि पोलादी नट पुन्हा पुन्हा काढून-घालून, त्यातही कुणी अंगातली सगळी ताकद लावून आवळला, की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. व्हॉल्व्ह एकदाच बसतो. या वस्तूचं नाव काढलं की जिचं नाव पहिलं येतं ती जपानची फुमोतो कंपनी १९७६ पासून हेच बनवते आहे. जर्मन श्टालबुसचा प्रकार वेगळा आहे, त्याला दांडी नसते. झाकण काढून नळीचा जोड आत फिरवला की झडप उघडते. दोन्ही जातीचे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न गळता चाललेले आहेत.

मी घेतला तो यातला कुठलाच नव्हता, पण फोटो मात्र अस्सल मालाचेच उचललेले होते. वर्णनात ‘घडीव पितळ’, ‘जपानी तंत्र’, ‘सर्व गाड्यांना बसणारा’. खाली भरघोस तारे आणि हजारो अभिप्राय. या अभिप्रायांची गंमत पुढे उकलली. पहिल्या पानावरचे व्हॉल्व्हबद्दल होते, पण मागे मागे गेल्यावर लोक ‘रंग छान आहे’, ‘कोपरे नीट बसतात’, ‘बटणं दाबायला सोपी’ असं लिहीत होते. मोबाइलच्या कव्हरचे अभिप्राय! खपून गेलेल्या जुन्या मालाच्या पानावर फोटो आणि नाव बदलायचं, तारे तसेच ठेवायचे. विक्रेत्याला आयती अब्रू मिळते.

‘सर्व गाड्यांना बसणारा’ हे शब्द तर शंभर टक्के खोटे, मग माल कुणाचाही असो. ड्रेन नटाचे आटे गाडीगणिक वेगळे असतात. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांना १२ मिलिमीटर व्यास आणि १.२५ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर, तेही मिलिमीटरमध्ये), होंडाला १४ आणि १.५, जुन्या सुबारूंना थेट २० आणि १.५. व्यास जुळला आणि पिच चुकला तर पहिला एखादा फेरा जातोही, मग अडतो, आणि माणूस पाना लावतो. तिथे चेंबरचे आटे गेलेच म्हणून समजा. माझ्या बाबतीत आटे योग्य होते, हे नशीब. मी आधी ते मापून मागवलं होतं, आणि विक्रेत्याने निदान तेवढं तरी खरं पाठवलं.

खोकं देखणं होतं. आत स्पंजाच्या खोबणीत पिवळाधमक व्हॉल्व्ह, दोन गॅसकेट, चमकतं स्टिकर. आता इथे वेळेचा हिशोब बघा. ऑइल बदलायला अजून अवकाश होता. अशी वस्तू कुणी आली त्या दिवशी बसवत नाही, कारण बसवायची तर चांगलं ऑइल काढून टाकावं लागतं. ती कपाटात जाते. पुढच्या सर्व्हिसिंगला बाहेर येते, बसते, आणि बनावट असली तरी पहिले काही आठवडे झकास चालते. तोवर माल परत करायची मुदत केव्हाच उलटलेली असते. विक्रेत्याला तुमच्यापेक्षा हे जास्त नीट माहीत असतं. बनावट चार्जर दोन दिवसांत जळतो आणि परत जातो. बनावट ड्रेन व्हॉल्व्ह परत जातच नाही, आणि या धंद्याचा सगळा नफा तिथेच आहे.

बसवताना काही खटकलं नाही. टॉर्क पाना (किती जोराने आवळतोय ते मोजणारा) लावून मूळ नटापेक्षा कमीच आवळला, कारण व्हॉल्व्ह पोकळ असतो आणि पितळ पोलादापेक्षा मऊ. दांडी घट्ट, गळती शून्य. मग बऱ्याच दिवसांनी गाडीखाली ठिपका दिसला.

ठिपक्याची जागा बघून गळतीचा उगम ठरवू नका. गाडी चालताना खालून जाणारा वारा ऑइलला मागे ढकलतो, ते चेंबरच्या कडेने, क्रॉसमेंबरवरून (गाडीखालच्या आडव्या पट्टीवरून) सरकतं आणि भलतीकडेच थेंबतं. माझा ठिपका व्हॉल्व्हच्या बराच मागे पडायचा. पहिला संशय फिल्टरवर, दुसरा चेंबरच्या गॅसकेटवर. ओळखीच्या मेकॅनिककाकांनी मागच्या ऑइल सीलवर बोट ठेवलं, म्हणजे गिअरबॉक्स उतरवण्याचं काम! ते काम हाती घेण्याआधी मी एक साधा उपाय केला. खालचा सगळा भाग ब्रेक क्लीनरने धुतला, वाळू दिला, आणि त्यावर टाल्कम पावडर फुंकली. एक चक्कर मारून आले आणि टॉर्च घेऊन खाली शिरले. पांढऱ्या पावडरीवर ओलसर करडी रेघ, सुरुवात थेट दांडीच्या बुडापासून. सील, फिल्टर, गॅसकेट सगळे कोरडे ठणठणीत.

दांडीला बोट लावलं तर ती न उचलताच हलली. स्प्रिंगमध्ये जीव राहिला नव्हता. म्हणजे रस्त्यावरचा एखादा दगड नेमका लागला असता तर दांडी फिरून चेंबर चालत्या गाडीत रिकामा झाला असता. अशा वेळी जो लाल दिवा लागतो तो ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब गेल्याचं सांगतो. तो दिसेपर्यंत बेअरिंगा कोरड्या पडायला लागलेल्या असतात, आणि मग ‘पुढच्या पंपापर्यंत नेऊ’ म्हणणाऱ्याचं इंजिन जातं.

ऑइल काढून व्हॉल्व्ह उतरवला. त्याच्या आट्यांच्या कडा भुरभुरीत झालेल्या, बोटाला करडा चुरा लागला. षटकोनी कडेवर कानस दोनदा ओढली. पिवळा रंग कागदाइतका पातळ, खाली राखाडी धातू. पितळ कितीही घासलं तरी आत पिवळंच असतं. हे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम होतं, वर पितळी मुलामा. नळाच्या मुठी आणि खेळण्यातल्या मोटारी याच्याच करतात, आणि तिथे त्याचं काही बिघडत नाही. पण हा मिश्रधातू साधारण ३८५ अंश सेल्सियसला वितळतो, पितळ ९०० च्या आसपास. इंजिन ऑइल रोज ९० ते ११० अंशांपर्यंत तापतं. वितळायला हे तापमान फार कमी आहे, पण जस्तासारखा धातू शंभर अंशांच्या आसपास सतत ताणाखाली राहिला की हळूहळू सरकतो, आकार सोडतो. आवळलेले आटे सैल होतात, गोळ्याची बैठक ढिली पडते. त्यात आतली रबरी रिंग टणक होऊन चिरली होती. साधं नायट्राइल रबर शंभर-एकशेवीस अंशांच्या पुढे टिकत नाही. इथे फ्लुरो रबर लागतं, जे दोनशे अंशांपर्यंत सहन करतं.

मग सुरू झाला विक्रेत्याशी पत्रव्यवहार. पहिलं उत्तर लगेच आलं, ‘डिअर सर’ने सुरू होणारं. मी सर नाही, पण ते सोडा. त्यांनी बसवतानाचा व्हिडिओ मागितला. तेल कुठल्या कंपनीचं, कुठल्या ग्रेडचं ते विचारलं. कानशीचा फोटो पाठवल्यावर म्हणाले, मालाची नासधूस केल्यामुळे वॉरंटी रद्द. मी चित्रासकट अभिप्राय टाकला, तेव्हा सूर एकदम पालटला. अर्धे पैसे देतो, अभिप्राय तेवढा काढा. मी नाही म्हटलं. काही दिवसांनी अभिप्राय ‘नियमात बसत नाही’ म्हणून आपोआप गायब झाला, आणि थोड्याच काळात त्या पानावर व्हॉल्व्हच नव्हता, बागेच्या पाइपाचे क्लिप होते. तारे तेवढेच. ज्या संकेतस्थळावर खरेदी झाली त्यांनी मुदतीकडे बोट दाखवून हात वर केले. पैसे गेले ते गेले.

तुमच्याकडे असा व्हॉल्व्ह आला तर कपाटात टाकू नका. त्याच आठवड्यात, परतीची मुदत हातात असताना, टेबलावर तपासा. लोहचुंबकाचा उपाय सगळे सांगतात, पण तो इथे अर्धवट आहे. पोलादावर मुलामा असेल तर चुंबक चिकटून चोरी पकडतो, पण जस्तालाही चुंबक चिकटत नाही आणि पितळेलाही नाही. कानस लावली तर माल परत करताना वाद होईल, म्हणून आधी न ओरखडता वजन करून बघा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि व्हॉल्व्हचं कोरडं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. व्हॉल्व्ह उघडा ठेवून दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडा, पूर्ण बुडाला पाहिजे पण तळाला टेकता कामा नये. आतली हवा हलवून काढा. आता काटा जो आकडा दाखवेल तो व्हॉल्व्हचा घनफळाचा आकडा, घनसेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा. पितळेची घनता साडेआठच्या आसपास, जस्ताच्या या मिश्रधातूची ६.७ च्या जवळ. दांडी, स्प्रिंग, रिंग यांमुळे अस्सल व्हॉल्व्हचा आकडाही थोडा खाली येतो, पण उत्तर सातच्या आत आलं तर खोकं बंद करून परत पाठवा. मी उतरवलेल्या व्हॉल्व्हचं हे गणित नंतर केलं, सातच्या खालीच आलं.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. व्हॉल्व्ह बंद करून आट्यांची बाजू वर ठेवून उभा करा, वरून थोडं गरम तेल आत भरा, खाली पांढरा कागद. रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी कागदावर डाग असेल तर चेंबरला लावायचा प्रश्नच मिटला. दांडीही बघा. न उचलता नुसत्या बोटाने ढकलून ती जागची हलली नाही पाहिजे, आणि बंद करताना खाचेत टक्कन पडली पाहिजे. ती अडकवून ठेवणारी क्लिप वेगळी मिळते, ती घ्याच. आटे जुन्या नटाशी शेजारी धरून, दाते दात्यांत बसवून उजेडात बघा. मधून फट दिसली तर पिच चुकला आहे.

अस्सल घेतला तरी दोन गोष्टी माहीत असाव्यात, कारण विक्रेते त्या सांगत नाहीत. भोक अरुंद असल्याने ऑइल नटापेक्षा सावकाश उतरतं, इंजिन कोमट करून घेतलं तर बरं. आणि काही चेंबरमध्ये व्हॉल्व्हचा आट्यांचा भाग तळापेक्षा थोडा वर येतो, मग तेवढं जुनं ऑइल आत राहतं. ज्या गाडीचं पोट आधीच रस्त्याला लागतं आणि चेंबर तिथे सगळ्यांत खाली आहे, तिथे व्हॉल्व्ह बसवूच नये, कितीही चांगला असला तरी.

ज्यांच्या गाडीत असा स्वस्तातला व्हॉल्व्ह आधीच बसला आहे त्यांनी इंजिन थंड झाल्यावर गाडी पक्क्या स्टँडवर घ्यावी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. दांडीचं बूड फडक्याने पुसा आणि एक चक्कर मारून, पुन्हा थंड होऊ देऊन बघा. पान्याने जिथे रंग खरवडला गेला असेल तिथे राखाडी दिसतंय का तेही बघा. दिसलं तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू नका. ऑइल स्वच्छ डब्यात काढा, झाकून ठेवा, मूळ नट नव्या वॉशरसकट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळा आणि ऑइल ताजं असेल तर तेच गाळून परत भरा. मूळ नट फेकून दिला असेल तर आधी तो आणा, मगच गाडीखाली शिरा.