नेदरलँड्समधल्या ड्रेंथ प्रांतातला फार्मस्टे: खोली ४/५, जिना २/५, झेंडा हा वेगळाच विषय

जूनमध्ये दोन रात्री राहून आलो, चौघं होतो. डेअरी फार्म आहे, गवताचा जुना माळा होता त्याच्याच दोन खोल्या केल्यात. बेड झकास, सकाळी घरचं दूध आणि चीज, मुलं वासरांना बाटलीने दूध पाजून खूश. शेणाचा वास येतो, गोठ्याशेजारी राहणार तर येणारच. जिना मात्र टिपिकल डच, म्हणजे शिडीच म्हणा, बॅगा वर न्यायला अर्धा तास आणि दोन भांडणं लागली, सासूसासरे सोबत असतील तर विचार करा.

आता झेंडा. गेटजवळच्या खांबावर डच झेंडा उलटा, निळा पट्टा वर, लाल खाली आणि तो लालही उन्हापावसाने पार गुलाबी झालेला, कडेच्या दशा निघालेल्या. मी बायकोला म्हटलं चुकून लागलाय वाटतं, सांगू या का? आपल्याकडे मुद्दाम उलटा लावला तर १९७१ च्या कायद्याने गुन्हा, तेच डोक्यात. बरं झालं नाही सांगितलं.

संध्याकाळी मालक आजोबांनी स्वतःच विषय काढला. उलटा झेंडा ही मूळची जहाजांची खूण, आम्ही संकटात आहोत अशी. २०२२ ला सरकारने २०३० पर्यंत नायट्रोजन उत्सर्जन (बरंचसं गुरांच्या शेणामुतातून होणारं) निम्मं करायचा प्लॅन आणला, काही भागांत तर ९५ टक्के कमी, म्हणजे गुरंच विकायची, तेव्हा शेतकऱ्यांनी रस्त्याकडेच्या खांबांवर, हायवेच्या पुलांवर असेच झेंडे लावले. २०२३ च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांची बीबीबी पार्टी प्रांतांच्या निवडणुकीत पहिली आली. पण मग सरकारवर कशानेही चिडलेले लोक तोच झेंडा लावायला लागले, ज्यांनी गाय जवळून बघितली नसेल तेसुद्धा. आजोबा म्हणाले, आता लोक माझा खांब बघूनच ठरवतात मी कोणाला मत देतो. मग काढत का नाही? तर म्हणे काढला की शेजारी म्हणणार, म्हातारा घाबरला. ४ मेला मात्र सरळ करून अर्ध्यावर आणतात, युद्धात गेलेल्यांसाठी, ५ ला पूर्ण वर, ६ ला परत उलटा.

समोरच्या घरावर कोरा करकरीत झेंडा, सरळ, आणि टोकाला चक्क दप्तर लटकवलेलं! मला वाटलं हाही निषेधच, पण तिथली मुलगी शाळेची फायनल परीक्षा पास झाली होती, इथे तसं लावतात. आमचे चिरंजीव तेव्हापासून विचारतायत आपलं दप्तर बाल्कनीत कधी लावायचं, म्हटलं आधी पाढे पाठ कर.