केबल ठेवावी की काढावी? जुने पिक्चर बघणाऱ्या घरासाठी

माझा भाचा पुण्याला नोकरीला असतो. गणपतीला कोल्हापुरात आला तो ठरवूनच आला होता. घरची केबल बंद करायची, नवा स्मार्ट टीव्ही भिंतीवर लावायचा आणि आई-बाबांना दोन ओटीटींची वर्गणी भरून द्यायची. "मामा, जुने पिक्चरच तर बघतात दोघं. सगळं नेटवर आहे. केबलचे पैसे फुकट कशाला घालवायचे?" आक्का काही बोलली नाही. दाजींनी पेपर जरा वर धरला. त्यांच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे भाच्याला अजून कळलेलं नाही.

मी म्हटलं, थांब. आधी एकेक ठिकाणी बसून बघू, मग काय काढायचं ते काढ. पुढचा महिनाभर आम्ही तेच केलं. तुमच्याही घरी हा वाद चालू असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

दाजींचं एक प्रकरण आधी सांगायला हवं, कारण आमची सगळी परीक्षा त्यावरच झाली. त्यांचं म्हणणं असं की शाळेत असताना भालजी पेंढारकरांच्या एका पिक्चरमध्ये ते गर्दीत उभे होते. डावीकडून तिसरा फेटा त्यांचा. पिक्चरचं नाव मी सांगत नाही, नाहीतर सगळं राजारामपुरी फेटे मोजत बसेल. आजवर आम्हा कुणाला तो फेटा धड दिसलेला नाही. तो कुठे दिसतो, ही आमची कसोटी.

सीडी-डीव्हीडी

हे पटकन उरकतो. माझ्याकडे खोकंभर व्हीसीडी आहेत. व्हीसीडीवर चित्राचे ठिपके असतात ३५२ बाय २८८, डीव्हीडीवर ७२० बाय ५७६. म्हणजे डीव्हीडीत साधारण चौपट तपशील. व्हीसीडीवर तासा-सव्वातासाचंच मावतं, म्हणून एका पिक्चरच्या दोन चकत्या, आणि ऐन रंगात उठून चकती बदलायची. पन्नास इंची टीव्हीवर व्हीसीडी लावली तर काळोखातला प्रसंग म्हणजे नुसते करडे चौकोन. दाजींचा फेटा त्या चौकोनांत विरघळला.

डीव्हीडी चांगली निघाली तर अजूनही झकास. पण आता प्लेअर दुरुस्त करणारा शोधावा लागतो आणि नव्या लॅपटॉपला चकती घालायला जागाच नसते. आहेत त्या जपा, नव्याने यात पैसे घालू नका.

ओटीटी

भाच्याचा जीव यात होता. पिक्चर स्वच्छ, जाहिराती नाहीत (किंवा कमी), खाली अक्षरं येतात म्हणून अमराठी सूनबाईलाही कळतं. सगळं खरं. पण आक्काने सांगितलेली दहा नावं आम्ही शोधली, तर मराठी कृष्णधवल त्यात फार थोडे सापडले. तिथला 'जुना पिक्चर' बहुतेक वेळा ऐंशी-नव्वदच्या दशकातला असतो. आक्काच्या हिशेबात तो कालचा. शिवाय आज दिसलेला पिक्चर करार संपला की पुढच्या महिन्यात गायब होतो. नव्या मालिका बघायच्या असतील तर खुशाल घ्या. नुसत्या जुन्या मराठीसाठी वर्गणी भरणं म्हणजे मिसळ खायला जाऊन पाव खाऊन परत येणं.

यूट्यूब

शोधणाऱ्या माणसासाठी खाण इथेच आहे, आणि याला कारणही आहे. आपल्या कायद्यात सिनेमावरचा हक्क ६० वर्षं टिकतो आणि ती प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. १९६४ चा 'पाठलाग' २०२४ संपताना त्यातून सुटला, १९६५ चा 'साधी माणसं' २०२५ संपताना. (गीत आणि चालीच्या हक्काचं गणित वेगळं, ते गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूपासून मोजतात.) त्यामुळे साठ वर्षांपलीकडचं बरंच काही कुणी ना कुणी टाकून ठेवलेलं असतं. प्रत चांगली की वाईट, ते मात्र नशिबावर.

नशिबावर सोडायचं नसेल तर एक युक्ती सांगतो. पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं. ते पुढे ढकलू नका, थांबवा. त्यावर रिळं आणि लांबी लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर जाते, जुन्या मापात ९० फूट. म्हणजे ३,६०० मीटरचा पिक्चर २ तास ११ मिनिटांचा. यूट्यूबवर तो दीड तासाचा दिसला तर चाळीस मिनिटं कुणीतरी गिळली आहेत असं खुशाल समजा. आम्ही अशा दोन प्रती पकडल्या. एकीत आख्खी लावणी गायब होती.

चार-पाच मिनिटांचा फरक मात्र चोरी नाही. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, आपल्या टीव्हीची पद्धत २५ ची. टीव्हीसाठी केलेली प्रत त्यामुळे चार टक्के भरभर पळते आणि दोन तासांचा पिक्चर एकशे पंधरा मिनिटांत संपतो. कुणाला कळतं, असं भाचा म्हणाला. आक्काला कळलं. ती पेटीवर बसते. 'ऐरणीच्या देवा तुला' रेकॉर्डवर ज्या पट्टीत आहे तीच पेटीवर धरून बसली होती. आम्ही यूट्यूबवर लावलं तेव्हा तिने सूर धरायचा प्रयत्न केला आणि बोट या पट्टीवरून त्या पट्टीवर नेत राहिली. "हे दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी वाजतंय बघ." बरोबर आहे. चार टक्के वेग म्हणजे पेटीच्या एका पट्टीच्या अर्ध्याहून थोडा जास्त चढ. आनंदघन नावाने लताबाईंनी बांधलेली चाल, खेबुडकरांचे शब्द, आणि पेटीला ते गावत नाही म्हणजे काय! शेवटी तिने डोळे मिटून नुसतं ऐकलं.

शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. नाव देवनागरीतही टाका आणि रोमनमध्येही, निकाल वेगळे येतात. आणि प्रभात फिल्म कंपनीचे पिक्चर दोन्ही नावांनी शोधा, कारण ते बरेचदा मराठी-हिंदी जोडीने निघायचे. 'कुंकू' म्हणजे 'दुनिया न माने', 'माणूस' म्हणजे 'आदमी', 'शेजारी' म्हणजे 'पडोसी'. पण हिंदी मिळाला म्हणून मराठी सोडू नका. 'शेजारी'त केशवराव दाते पाटील आहेत आणि गजानन जागीरदार मिर्झा. 'पडोसी'त मिर्झा जागीरदारच, पण हिंदू ठाकूर मजहर खान. दोन रविवारी लागोपाठ दोन्ही बघा. आमच्याकडे त्यावर जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. आक्का दात्यांच्या बाजूची, दाजी मजहर खानच्या.

फेटा? यूट्यूबवर तो सापडला. बऱ्यापैकी प्रत होती, भाच्याने थांबवलं, मोठं केलं, बोटाने दाखवलं. तिसरा फेटा स्पष्ट होता. फेट्याखालचा चेहरा मात्र कुणाचाही असू शकला असता. खोली जराशी गप्प झाली. दाजी म्हणाले, "थांबवल्यावर ओळखू येत नाही रे. चालू असताना येतो."

चॅनेल

आता ज्याच्यावर कुऱ्हाड पडणार होती ते. केबलवर काय आणि डिशवर काय, तक्रारी त्याच. एक, तुम्हाला हवा तो पिक्चर हवा तेव्हा लागत नाही. दोन, जाहिराती. तीन, कृष्णधवलचा मान सकाळी लवकर किंवा भर दुपारी, मधली चांगली वेळ नव्या पिक्चरला. चार, काटछाट. आणि डिश असेल तर पाचवी: जुलैत पाऊस लागला की गेलं. ज्या लहरींवर डिश चालते त्या पावसाच्या थेंबांत विरतात, आणि आपल्याकडचा पाऊस काही थेंबांचा नसतो. केबलला तो त्रास नाही. ती लाइट गेली की जाते, आणि लाइट गेली की तसंही सगळंच जातं. महिन्याचे पैसेच नकोत असतील तर दूरदर्शनचं फ्री डिश आहे, एकदा छत्री आणि डबा घेतला की वर्गणी नाही, सह्याद्री त्यावर दिसतं.

इतक्या तक्रारी असून मी केबल ठेवा म्हणतो, ते का?

दूरदर्शनवर शनिवारी मराठी पिक्चर आणि रविवारी हिंदी पिक्चर असायचा तेव्हा गल्लीत एक टीव्ही आणि पुढे पंचवीस माणसं. निवड शून्य. जो लागेल तो बघायचा आणि सोमवारी तालमीच्या कट्ट्यावर त्याचीच चर्चा. आक्का-दाजींना पिक्चर बघायची सवय त्या काळात लागली. त्यांना पिक्चर 'लागतो', ते तो लावत नाहीत. यूट्यूब पुढे ठेवलं तर दोघं अर्धा तास काय बघायचं यातच घालवतात, आणि लावलेला पिक्चर "उद्या बघू" म्हणून सोडून देतात, कारण उद्याही तो तिथेच असणार. चॅनेलवर लागला की मात्र आक्का भाकरी उरकून सकाळी साडेआठला समोर. आता सुटला तर परत कधी लागेल कुणास ठाऊक.

आणि जाहिराती. भाचा ज्याला कटकट म्हणतो ते या घरातलं मध्यंतर आहे. जाहिरात लागली की फोन फिरतात. दाजींचा मला, माझा उत्तरेश्वर पेठेतल्या काकांना, काकांचा परत दाजींना. गडहिंग्लजची मावशी तर फक्त जाहिरातीतच फोन उचलते. तिने 'सांगत्ये ऐका' १९५९ साली थेटरात बघितलाय आणि हंसा वाडकर की जयश्री गडकर हा वाद ती तेव्हापासून एकटी चालवते. हे ओटीटीवर कसं करणार? तिथे प्रत्येकाचा पिक्चर वेगळ्या मिनिटाला असतो. कुणी थांबवून चहाला गेलेलं, कुणी पुढे पळवलेलं.

चॅनेलचं एक दुखणं मात्र खरंच मोठं, आणि त्याला औषध आहे. हे पिक्चर जवळजवळ चौकोनी काढलेले, चार बाय तीनच्या आसपास. आताचा टीव्ही सोळा बाय नऊ. काही ठिकाणी चित्र ताणून भरतात; माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. भालजींच्या पिक्चरमध्ये मुळात सगळे पैलवान, ताणल्यावर खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरायला आलेत असं वाटतं. काही ठिकाणी याहून वाईट करतात: वरून-खालून कापून भरतात. उंचीतला चौथा हिस्सा जातो. एका चॅनेलवर तमाशापट लागला होता, लावणी रंगात आलेली, घुंगरांचा आवाज खणखणीत, आणि पडद्यावर बाई गुडघ्यापर्यंतच. दाजी पुढे वाकून म्हणाले, "आरं, पाय कुठं गेले तिचे?"

कापून आलेलं परत मिळत नाही. ताणलेलं मिळतं. रिमोटवर पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट असं काहीतरी असतं, तिथे ४:३ निवडा. दोन्ही कडांना काळे पट्टे येतील, त्यांना घाबरू नका. आणि नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते ती बंद करा, नाहीतर प्रभातचा पिक्चर दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. आमच्या भाच्याने दिवाळीला आणलेल्या टीव्हीपेक्षा हे दोन मिनिटांचं काम आक्काला जास्त आवडलं.

आणि जे कुठेच मिळत नाही

या गावात बसून लिहिताना हे टाळता येत नाही. बाबूराव पेंटरांनी इथे स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, त्यावर १९२० ला 'सैरंध्री' आला, १९२५ ला मूक 'सावकारी पाश'. दोन्ही आज बघायला मिळत नाहीत. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत इथला भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्मचा साठा पेटला, त्यात प्रभातच्या मूळ प्रती गेल्या. ती फिल्मच तशी, पेटली की पाण्यानेही विझत नाही. म्हणून १९३२ चा 'अयोध्येचा राजा' अजून बघता येतो याचं मला दर वेळी नवल वाटतं. प्रभात तेव्हा इथे कोल्हापुरातच होती, पुण्याला गेली १९३३ ला. तो पिक्चर घरी बघू नका, निदान पहिल्यांदा तरी. शाहू स्मारकला फिल्म सोसायटीचे खेळ होतात, तिथे असा काही लागला तर सगळं सोडून जा. दुर्गाबाई खोटे मोठ्या पडद्यावर, आणि शेजारी अनोळखी माणूस नाक ओढतोय, याला घरात तोड नाही.

तर आमच्याकडे ठरलं ते असं. केबल राहिली, पण पिक्चरचे आणि सह्याद्रीसारखे मोजकेच चॅनेल ठेवून बाकीचा पसारा काढला. यूट्यूब टीव्हीवर जोडलं, ते आक्काच्या गाण्यांसाठी आणि भाचा आला की शोधाशोधीसाठी. ओटीटी एकच, सूनबाईच्या नावावर. तुमच्या घरी एकटा माणूस असेल, हट्टाने एकेक पिक्चर गाठून बघणारा, तर त्याला केबलची गरज नाही; यूट्यूब आणि चांगलं नेट पुरे. दोघं असतील आणि गावात चार फोन करायला माणसं असतील तर केबल काढताना दहादा विचार करा.

गेल्या शनिवारी तो फेट्याचा पिक्चर लागला. पहिल्या जाहिरातीला फोन वाजला.

"बघतोयस का?"

"बघतोय दाजी."

"आता येईल बघ गर्दी. डावीकडनं तिसरा."

"काळे पट्टे आहेत ना दोन्ही बाजूंना?"

"आहेत, आहेत. बारीक दिसतोय मी आता. लागला रे, ठेव."