हलकी डाऊन स्लीपिंग बॅग: काही महिने वापरल्यानंतर

बॅगेचं एकूण वजन 780 ग्रॅम, त्यात डाऊन, म्हणजे बदक-हंसाची मऊ पिसं, 420 ग्रॅम, फिल पॉवर 800, कम्फर्ट तापमान 1 अंश. या चार आकड्यांपैकी बहुतेक जण फिल पॉवरवर भाळतात. माझं मत विचाराल तर आधी पिसांचं वजन बघा. फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण 28 ग्रॅम पिसं किती घनइंच फुलतात याचं माप. तो पिसांचा दर्जा झाला; ती भरलीत किती, हे त्यातून कळत नाही. 800 ची 250 ग्रॅम पिसं भरलेल्या बॅगेपेक्षा 650 ची 500 ग्रॅमवाली जास्त उबदार ठरेल, फक्त पाठीवर जड पडेल.

तापमानाचंही तसंच. आयएसओ 23537 या स्लीपिंग बॅगच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान), लिमिट (अंग आखडून कशीबशी झोप लागेल ते) आणि एक्स्ट्रीम असे आकडे असतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुधा लिमिट छापतात. थंडी लवकर वाजत असेल तर कम्फर्टच धरा. एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडाच नाही, जीव वाचण्याचा आहे. शिवाय ही चाचणी पुतळ्याला अंगभर कपडे घालून, मॅटवर झोपवून होते. चार-पाच अंशांत थर्मल आणि कानटोपी घालून मला निवांत झोप लागली. शून्याच्या आसपास मात्र पाय गार पडले.

अंगाखाली दबलेली पिसं ऊब देत नाहीत, त्यामुळे मॅट पातळ असेल तर महागडी बॅगही फुकट. आधी मॅटवर खर्च करा.

बॅगेचं कापड 10 डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), म्हणजे फार पातळ; वजनाला उत्तम, पण चेनचा वैरी. रात्री अंधारात चेन ओढली की आतली घडी हमखास अडकते. आता मी चेनच्या मागे दोन बोटं धरून कापड बाजूला दाबतो आणि मगच ओढतो. शिवणीतून एखादं पीस डोकावलं तर उपटू नये, भोक मोठं होतं. पलीकडून चिमटीत धरून आत ओढून घ्यावं.

ओलावा हे डाऊनचं खरं दुखणं. तंबूच्या भिंतीला टेकलेला पायाकडचा भाग सकाळी दमट लागतो. लागोपाठ थंड रात्री काढल्या की घामाची वाफही आत साचते आणि बॅग दिसायलाच चपटी होते. दुपारच्या थांब्यावर उलटी करून उन्हात टाकली की पुन्हा फुगते. सततच्या पावसात भटकणार असाल तर सरळ सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम तंतू भरलेली बॅग घ्या, वजन वाढलं तरी चालेल.

कुशीवर झोपणाऱ्यांना हा ममी आकार, म्हणजे पायाकडे निमुळता होणारा, गुडघ्याशी आवळतो. मला सवय झाली, पण आवडलेलं नाही.

घरी ती दाबून ठेवत नाही, मोठ्या सुती पिशवीत सैल असते. धुवायची वेळ अजून आलेली नाही. आलीच तर डाऊनचा साबण आणि मंद आचेचा ड्रायर, सोबत दोन-तीन टेनिस बॉल. पिसांचे गोळे हाताला लागायचे थांबेपर्यंत बाहेर काढायची नाही.