एक तुकडा हरवला तर काय उरतं? टिकाऊ खेळण्यांची घरगुती तुलना

गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली रिमोटची गाडी संक्रांतीला घरात आली आणि रथसप्तमीला माळ्यावर गेली. साडेसहाशे रुपये. रिमोट चालू आहे, दिवे लागतात, हॉर्नही वाजतो, फक्त गाडी हलत नाही. आतल्या प्लॅस्टिकच्या चक्राचा एक दात झिजलाय आणि तो बदलून देणारा माणूस मला अख्ख्या सोलापुरात सापडला नाही. त्याच संध्याकाळी, त्याच होम मैदानावर वीस रुपयांना घेतलेला लाकडी भोवरा मात्र अजून धाकट्याच्या खिशात असतो.

बार्शीची बहीण दरवर्षी पोराच्या वाढदिवसाआधी फोन करते. "दादा, काय घेऊ सांग. टिकलं पाहिजे, आणि चार दिवसांत कोपऱ्यात पडायला नको." या खेपेला भाचा चार पूर्ण करतोय, बजेट दीड हजार. माझी थोरली आठ वर्षांची, धाकटा पाचचा, त्यामुळं प्रयोगाला माणसं घरचीच. बहिणीला फोनवर तुटक-तुटक सांगितलं ते इथं सलग लिहितोय.

दुकानात मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: यातला एक तुकडा हरवला किंवा मोडला, तर उरलेल्याचं काय? गाडीचा एक दात गेला की गाडी गेली. जिगसॉचा एक तुकडा सोफ्याखाली गेला की वाघाला कायमचा एक डोळा नाही, मग पोरं त्या डब्याला हातही लावत नाहीत. ठोकळ्यांच्या डब्यातले दहा ठोकळे गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. गंमत म्हणजे जे असं तुकडे गमावूनही चालू राहतं, त्यातच आमची पोरं जास्त दिवस रमलीत.

सेलवर पळणारी की मागं ओढून सोडायची?

इथं फार विचार नको. मागं ओढून सोडली की सुटणारी गाडी घ्या. स्प्रिंग बिघडली तरी हातानं ढकलता येते, आणि पोरांना तोंडानं "घुर्रर्र" करायला तसंही आवडतं. सेलच्या खेळण्याला आपल्याकडचा उन्हाळा मानवत नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं, घर बंद, आपण गावाला. परत येऊन झाकण उघडलं तर सेल पाझरलेले आणि स्प्रिंगेवर हिरवी बुरशी आल्यासारखा थर. सेलचं खेळणं असेलच घरात, तर सुट्टीला जाताना सेल काढून ठेवा.

आणि बटणासारखा चपटा सेल असलेलं खेळणं लहान मूल असलेल्या घरात आणूच नका, निदान झाकणाला स्क्रू आहे का ते तरी बघा. तसा सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत आतून भाजू शकते. काही होतंय का बघत बसायची ती वेळ नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

जोडायचे ठोकळे: महागातले आणि स्वस्तातले

पैसे घालायचे तर इथं घाला, असं माझं मत. पण डोळे मिटून नव्हे.

लेगोनं आजच्या ठोकळ्याचा पेटंट अर्ज डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ ला केला. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की थोरलीचा डबा धाकट्याला, धाकट्याचा भाच्याला, आणि मधेच नवीन डबा आला तरी तो जुन्यात मिसळतो. वर आठ बटणं असलेले एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. सहा घेतले तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे. हा आकडा मी बहिणीला सांगितला तर ती म्हणाली, "आमचा पहिल्या तीनवरच भांडण सुरू करेल." तेही खरंय.

स्वस्त ठोकळ्यांची अडचण दिसण्यात नसते, पकडीत असते. दोन जोडा, वरचा धरून उलटा हलवा. खालचा गळून पडला तर ठेवून द्या. मग पोराच्या हातात देऊन सुटे करायला सांगा. नवी पेठेतून घेतलेल्या पहिल्या डब्याची ही दुसरी परीक्षा मी घेतली नाही. ते ठोकळे इतके घट्ट बसायचे की धाकटा दातानं सोडवायचा. त्यातल्या निळ्यांच्या कडेला त्याच्या दुधाच्या दातांच्या खुणा अजून आहेत. दुसरा डबा मी दुकानातच दहा-बारा ठोकळे जोडून-सोडून घेतला, दुकानदाराच्या कपाळावर आठी आली तरी. तो महागाच्या एक तृतीयांश किमतीत मिळाला आणि तीन वर्षं उत्तम चाललाय. म्हणजे स्वस्तातलं चांगलं मिळतं, हातानं तपासून घ्यावं लागतं एवढंच. मोबाइलवरून मागवताना ही सोय नाही. तिथं नावाजलेलं घ्यावं नाहीतर परत करायची तयारी ठेवावी.

रस किती टिकतो याचा नमुना सांगतो. गड्डा संपला की आमच्या गल्लीतली पोरं काठ्या घेऊन नंदीध्वज, म्हणजे यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या, खेळतात. धाकट्याला काठी नको होती, त्याला ठोकळ्यांचा नंदीध्वज हवा होता. एकावर एक लावत खांद्यापर्यंत आणला, पोटाला नॅपकिन बांधला, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणत उचलला, आणि तो मधोमध मोडून फरशीवर पसरला. पुन्हा लावला, पुन्हा मोडला. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी थोरली गच्चीवरून समोरचं बांधकाम बघत होती. खाली येऊन म्हणाली, "अरे, तो गवंडी बघ, जोड जोडावर येऊच देत नाही." मग दोघांनी दोन-दोन ठोकळ्यांच्या रुंदीचा, प्रत्येक थराला सांधेमोड करत खांब उभा केला. तो चक्क दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत गेला. उंबऱ्यावर पडला, पण तो दोष खांबाचा नव्हता.

चार वर्षांच्या पोराला बारीक ठोकळे मात्र देऊ नका. लेगोच्याच मोठ्या, डुप्लो ठोकळ्यांच्या आकाराचे घ्या. ते लांबी, रुंदी, उंची तिन्हीत दुप्पट असतात, आणि लेगोचे बारीक ठोकळे त्यांच्यावर बसतात, त्यामुळं पुढं ते वाया जात नाहीत. स्थानिक कंपन्यांचेही त्या मापाचे मिळतात. पकड तपासायची रीत तीच. आणि डबा गच्चीवर, उन्हात ठेवू नका. ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग कडकडीत होतं.

लाकूड: लाखेचं, भुश्शाचं आणि सुताराकडचं

लाकडी म्हटलं की टिकाऊ, असा आपला समज. तो अर्धाच खरा.

चन्नपट्टणची खेळणी आपल्याला तशी जवळची. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचं हे गाव, तिकडं देवदर्शनाला गेलेलं कुणीतरी घेऊन येतंच. लाकूड मुख्यतः काळ्या कुड्याचं, हलकं आणि गुळगुळीत. लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडात बसते, मग केवड्याच्या वाळक्या पानानं चकाकी आणतात. वरून ब्रश मारलेला रंग नाही, म्हणून पोपडे निघत नाहीत. थोरलीच्या रिंगा तिनं दोन वर्षं चावल्या, रंग तसाच.

तो रंग घालवला आम्ही. २०२० साली, कोरोनात, दारातून येणारी प्रत्येक वस्तू सॅनिटायझरनं पुसायचं वेड होतं. मी रिंगाही पुसल्या. फडकं लाल, बोटं लाल, आणि रिंग चिकट. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते हे मला तेव्हा कळलं. सुताराला विचारलं असतं तर त्यानं पॉलिशच्या बाटलीकडं बोट दाखवलं असतं, त्यात लाख स्पिरिटमध्येच विरघळवलेली असते. लाखेचं खेळणं ओलसर फडक्यानं पुसायचं, लगेच कोरडं करायचं, पाण्यात भिजत घालायचं नाही. बस्स.

सावंतवाडीची लाकडी फळं देखणी, भाजीवाला-भाजीवाला खेळायला झकास, पण त्यांचा रंग वरून दिलेला असतो. तीनच्या आतल्या, सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला मी ती देणार नाही.

हल्ली 'लाकडी' म्हणून जे डबाबंद कोडे-ठोकळे मिळतात, त्यातले बरेच दाबलेल्या भुश्शाचे असतात. कड बघा: रेषा दिसत नसतील, सगळं एकसारखं तपकिरी असेल, तर तो भुसा. एकदा पाणी लागलं की कोपरा फुगतो आणि पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा ओळखीच्या सुताराकडून सागवानाचे उरलेले तुकडे कापून घ्या. जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी असं माप सांगायचं. मग दोन आडवे म्हणजे एक उभा असा सगळा हिशेब आपोआप जुळतो. कडा पॉलिश पेपरनं घरीच मारा, एक रविवार जातो. आमच्याकडचे चाळीस तुकडे आता पस्तीस आहेत. दोन दाराला अडसर म्हणून लागलेत, तीनचा पत्ता नाही. खेळ चालू आहे.

सात-आठ वर्षांच्या पुढं

या वयाला नट-बोल्टचा लोखंडी संच आणतात. मूळ कल्पना लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीची, पेटंट १९०१ चं. आपल्याकडं 'मेकॅनिक्स' नावानं मिळतो तो याच वंशातला. भारी वस्तू, पण बारीक नट हरवतात. आमचे हरवले तेव्हा एक नमुना हार्डवेअरच्या दुकानात नेला, जुळते मिळाले. सगळ्या घरांत मात्र हा चालत नाही. स्क्रू आवळायचा कंटाळा असलेलं पोर दुसऱ्या दिवशीच तो बंद करून ठेवतं. माझी थोरली त्यातलीच.

म्हणून आधी जवळजवळ बिनपैशाची चाचणी घ्या. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणा, दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करा, गुल काढलेल्या आगकाड्या त्यात खुपसा. अरविंद गुप्ता यांनी ही काड्यांची जोडणी देशभर पोचवली, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या त्यांच्या कामामुळं मराठी शाळांतही ती ओळखीची आहे. चौकोन केला की डगमगतो, त्रिकोण केला की हलत नाही, हे पोरांना कुणी न सांगता कळतं. यात रमलं तर लोखंडी संच घ्या. नाही रमलं तर तीस रुपयांत सुटलात.

चुंबकाच्या रंगीत फरश्या सध्या फार चालतात. पोरं रमतात, नाकारत नाही. पण स्वस्तातल्या फरशीची शिवण उकलली की आतलं चुंबक बाहेर येतं, आणि दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्यांच्या आरपार एकमेकांना ओढून भोक पाडू शकतात. कोपऱ्यात पिन मारलेल्या, नावाजलेल्याच घ्या, नाहीतर हा रकाना सोडा.

भातुकली? स्टीलची. कडेवरून बोट फिरवून बघायचं, धार लागली तर दुसरा संच. मुलालाही द्या, आमचा धाकटा रोज सकाळी मला रिकाम्या कपातला चहा पाजतो आणि साखर कमी पडली का विचारतो.

जे विकत मिळत नाही

आमच्या ओळखीचे एक काका साखर पेठेत माग चालवतात. सूत संपलं की पुठ्ठ्याचे कोन उरतात. पिशवीभर फुकट आणले, त्याला आता चार वर्षं झाली. ते एकात एक बसतात, एकावर एक रचतात, तोंडाला लावले की लाऊडस्पीकर, ओळीनं मांडले की ट्रॅफिक पोलिसाचे खांब. चेपला की टाकायचा, दुसरा आणायचा. तेलकट असले तर पुसून घ्या. त्यांना जोड म्हणजे जुनी सोलापुरी चादर. पातळ चादर खुर्च्यांवरून घसरते, ही जाड विणीची जागची हलत नाही, आणि आत दुपारी बाराला सुद्धा छान अंधार होतो. घर, दवाखाना, गुहा, एसटी, काय म्हणाल ते.

घेताना

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. त्याखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की कंपनी खरी का खोटी ते दिसतं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळं चन्नपट्टणच्या खेळण्यावर शिक्का दिसला नाही तर लगेच नकली समजू नका. तीनच्या आतल्या मुलासाठी तुकड्याचं मापही बघा: चाचणीतल्या नळीचा व्यास ३१.७ मिलीमीटर असतो, त्यात पूर्ण मावणारा तुकडा धोक्याचा. पूर्वी कॅमेऱ्याच्या रोलची डबी या कामाला यायची. आता ती कुठं मिळायची. दोन बोटांच्या जाडीचा अंदाज धरा.

तर बार्शीसाठी हिशेब असा. हजाराच्या आत मोठ्या मापाचे ठोकळे, दुकानात जोडून-सोडून बघितलेले. दीडशेची मागं ओढायची गाडी. उरलेल्यात स्टीलची छोटी भातुकली बसते का बघ. रिमोटचं काही नको, पोरगं दुकानात लोळलं तरी. कोनांची पिशवी रविवारी मी घेऊन येतो, जाड चादर मात्र तुझी तू शोधून ठेव.